येशूच्या ऐतिहासिकतेवर वाद कसा करावा

येशू नावाचा माणूस खरोखर होऊन गेला का, हा प्रश्न अभ्यासमंडळात निघाला की थोड्याच वेळात दोन्ही बाजू वेगवेगळ्या प्रश्नांवर बोलू लागतात, असा माझा अनेक वर्षांचा अनुभव आहे. एक जण पुनरुत्थानावर बोलत असतो, दुसरा मध्ययुगीन चर्चच्या अत्याचारांवर, तिसऱ्याला कुमारीजन्माची कथा खटकत असते, आणि पहिल्या शतकात गालीलात, म्हणजे आजच्या उत्तर इस्रायलमध्ये, अशी व्यक्ती होती की नव्हती हा मूळ प्रश्न बाजूलाच पडून राहतो. हा वाद नीट करता येतो, आणि नीट केला तर प्राचीन काळाची साधने कशी वाचावीत याचे उत्तम शिक्षण त्यातून मिळते, म्हणून त्याची तयारी कशी करावी हे येथे सविस्तर मांडत आहे. माझे मत आरंभीच सांगून टाकतो. उपलब्ध पुरावा पाहता येशू ही ऐतिहासिक व्यक्ती होती असे मानणे मला अधिक सयुक्तिक वाटते. या काळाचा अभ्यास करणाऱ्या बहुसंख्य विद्वानांचेही मत तेच आहे, मग ते ख्रिस्ती असोत, यहुदी असोत वा निरीश्वरवादी. परंतु ‘बहुसंख्य विद्वान असे म्हणतात’ हे वाक्य वादात पुरावा म्हणून वापरू नये, कारण ते का म्हणतात हे सांगता येत नसेल तर आपली तयारी झालेली नाही.

सर्वप्रथम वादविषय एका वाक्यात लिहून काढावा आणि दोन्ही पक्षांची त्यावर संमती घ्यावी. मी वापरतो ते वाक्य असे: ‘तिबेरियस सम्राटाच्या कारकिर्दीत गालीलात येशू नावाचा एक यहुदी उपदेशक होता, रोमन अधिकारी पंतय पिलात याच्या आज्ञेने त्याला क्रूसावर मारण्यात आले, आणि त्याच्या अनुयायांतून ख्रिस्ती पंथ उभा राहिला.’ या वाक्यात चमत्कार नाहीत, दैवी जन्म नाही, मृतांतून उठणे नाही. ते प्रश्न महत्त्वाचे असले तरी इतिहासाच्या साधनांनी त्यांचा निकाल लागत नाही, आणि या वादात ते आले की दोन्ही बाजूंची गल्लत होते. ‘पाण्यावर चालणारा माणूस असूच शकत नाही, म्हणून येशू नव्हता’ हा युक्तिवाद जितका चुकीचा, तितकाच ‘येशू होता, म्हणून शुभवर्तमानांतले (नव्या करारातल्या येशूच्या चार चरित्रांतले) सर्व काही घडले’ हाही चुकीचा. आपल्याकडच्या बखरी वाचणाऱ्याला हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही. अफझलखानाच्या भेटीआधी भवानीचा दृष्टान्त झाला असे बखरकार लिहितो, तेवढ्याने प्रतापगडाची भेट काल्पनिक ठरत नाही.

वादविषय ठरला की साधने त्यांच्या लेखनकाळाच्या क्रमाने एका कागदावर मांडावीत. येशूचा मृत्यू इ.स. ३० च्या आसपासचा धरला जातो. त्यानंतरची सर्वांत जुनी उपलब्ध साधने म्हणजे मतांतर करून ख्रिस्ती प्रचारक झालेल्या पौलाची पत्रे, जी साधारण इ.स. ५० ते ६० या दशकात लिहिली गेली. पौलाच्या नावावर नव्या करारात, म्हणजे बायबलच्या ख्रिस्ती भागात, तेरा पत्रे आहेत, पण ज्यांच्या कर्तृत्वाबद्दल अभ्यासकांत जवळजवळ एकमत आहे ती सातच आहेत, आणि वादात तेवढीच वापरावीत. मार्कचे शुभवर्तमान इ.स. ७० च्या सुमाराचे, मत्तय आणि लूक त्यानंतरच्या एकदोन दशकांतले, योहान शतकाच्या शेवटाकडचे. यहुदी इतिहासकार जोसेफसचा यहुद्यांच्या प्राचीन इतिहासावरील ग्रंथ इ.स. ९३-९४ चा, रोमन अधिकारी प्लिनीचे त्राजान सम्राटाला लिहिलेले पत्र इ.स. ११२ च्या सुमाराचे, आणि रोमन इतिहासकार टॅसिटसचा इतिहास त्यानंतर चारपाच वर्षांचा.

हा कागद समोर ठेवला की एक गोष्ट लपत नाही आणि ती लपवूही नये: येशूच्या हयातीतला, त्याच्याविषयीचा एकही लेख आज उपलब्ध नाही. प्रतिपक्षाने हे सांगण्याची वाट न पाहता आपणच ते मान्य करावे. मात्र त्याचे वजन नेमके किती, हेही त्याच वेळी सांगावे. सभासदाची बखर १६९७ च्या सुमाराची, म्हणजे शिवाजीमहाराजांच्या निधनानंतर साधारण सतरा वर्षांनी लिहिलेली आहे, आणि पौलाच्या पत्रांचे येशूच्या मृत्यूपासूनचे अंतर त्याहून फार मोठे नाही. अर्थात ही तुलना येथेच थांबवली पाहिजे. महाराजांची स्वतःची पत्रे आहेत, परकीय वखारींच्या नोंदी आहेत, आणि येशूच्या बाबतीत असे अस्सल कागद नाहीत. तुलना ताणणाऱ्या वक्त्याला प्रतिपक्ष याच ठिकाणी पकडतो.

साक्षीदारांची संख्या मोजतानाही प्रामाणिक राहावे. चार शुभवर्तमाने म्हणजे चार स्वतंत्र साक्षी नव्हेत. मत्तय आणि लूक यांनी मार्कचा मोठा भाग, पुष्कळदा शब्दशः, उचलला आहे, आणि ही लेखने मुळात निनावी असून त्यांना लेखकांची नावे दुसऱ्या शतकात चिकटली असे बहुतेक अभ्यासक मानतात. एकाच मूळ कागदाच्या तीन नकला तीन पुरावे म्हणून सादर करणारा वकील ज्या अडचणीत सापडेल, त्याच अडचणीत आपण सापडू.

माझ्या मते या संपूर्ण वादातले सर्वांत भक्कम साधन म्हणजे गलतीकरांस लिहिलेल्या पत्राच्या पहिल्या अध्यायाचा शेवटचा भाग. तो मुळातून, शक्य असल्यास दोन भाषांतरांत, सावकाश वाचावा. पौल आपली कैफियत मांडत आहे. आपला संदेश यरुशलेमच्या पुढाऱ्यांकडून उसना घेतलेला नाही, असे त्याला सिद्ध करायचे आहे. म्हणून तो सांगतो की, मतांतरानंतर तीन वर्षांनी मी यरुशलेमला केफाला (म्हणजे येशूचा शिष्य पेत्र याला) भेटायला गेलो, त्याच्याकडे पंधरा दिवस राहिलो, आणि प्रभूचा भाऊ याकोब याच्याखेरीज दुसरा कोणी प्रेषित मला दिसला नाही. लगेच तो शपथही घेतो की, मी लिहितो ते देवासमक्ष लिहितो, खोटे बोलत नाही. यातली प्रत्येक गोष्ट न्याहाळण्यासारखी आहे. ही भेट येशूच्या मृत्यूनंतर पाचसात वर्षांच्या आतबाहेरची ठरते. ती सांगण्यात पौलाचा फायदा नाही, उलट यरुशलेमशी आपला संबंध कमीत कमी दाखवण्यात त्याचा हेतू आहे, आणि तरीही ही दोन माणसे त्याला वगळता आलेली नाहीत. पत्र ज्यांना गेले त्यांना याकोब कोण हे माहीत होते, कारण पौल त्याची ओळख दोन शब्दांपलीकडे करून देत नाही.

मिथकवादी पक्षाचे, म्हणजे येशू ही केवळ कल्पित दैवी व्यक्ती होती असे मानणाऱ्यांचे, यावरचे उत्तर आधीच अभ्यासून ठेवावे. ते असे: ‘प्रभूचा भाऊ’ हा रक्ताच्या नात्याचा शब्द नसून पंथातल्या सामान्य बाप्तिस्मा घेतलेल्या बंधूंचा वाचक आहे. हे उत्तर हसण्यावारी नेण्यासारखे नाही, कारण पौल सहविश्वासकांना ‘बंधूंनो’ असे वारंवार संबोधतो. पण करिंथकरांस पहिल्या पत्राच्या नवव्या अध्यायात तो ‘इतर प्रेषित, प्रभूचे भाऊ आणि केफा’ अशी वेगवेगळी नावे घेतो. ते सर्व आपापल्या पत्नीला बरोबर घेऊन फिरतात, मग मला तो हक्क का नसावा, असा त्याचा प्रश्न आहे, आणि हक्काच्या या युक्तिवादात ‘प्रभूचे भाऊ’ हे मान असलेल्या विशिष्ट मंडळींचे नाव असणेच जुळते. येथे कॅथलिक परंपरेचा प्रश्नही उपस्थित होतो, कारण त्या परंपरेत याकोब हा सख्खा भाऊ न मानता नात्यातला भाऊ मानतात. मराठीत आपण चुलत, मावस, आते सर्वांनाच भाऊ म्हणतो, त्यामुळे हा मुद्दा आपल्याला सहज उमजतो. वादविषयाच्या दृष्टीने त्याने काहीच फरक पडत नाही, कारण कल्पित व्यक्तीला मावसभाऊही असू शकत नाही.

त्याच याकोबाचा उल्लेख जोसेफसच्या विसाव्या पुस्तकात येतो, आणि हा दुवा वादात अवश्य जोडून दाखवावा. इ.स. ६२ मध्ये जुना रोमन अधिकारी फेस्तुस मरण पावला होता आणि नवा अल्बिनुस वाटेत होता. ती संधी साधून महायाजक अनानस याने न्यायसभा बोलावली आणि ‘ज्याला ख्रिस्त म्हणतात त्या येशूचा भाऊ याकोब’ याला आणि आणखी काहींना धोंडमाराची शिक्षा दिली. जोसेफस इ.स. ३७ मध्ये यरुशलेमच्या याजक घराण्यात जन्मला होता, म्हणजे ही घटना घडली तेव्हा तो सुमारे पंचवीस वर्षांचा होता आणि ती त्याच्याच शहरातली, त्याच्याच वर्गातली होती. त्याच्या ग्रंथांत येशू नावाची डझनभराहून अधिक माणसे आहेत, म्हणून कोणता येशू हे सांगणे त्याला भाग होते. प्रतिपक्ष असे म्हणू शकतो की, ‘ज्याला ख्रिस्त म्हणतात’ हे शब्द कोणा नकलाकाराने समासातून आत घेतले आणि मूळ येशू म्हणजे त्याच उताऱ्यात पुढे महायाजक झालेला दम्नायाचा मुलगा. हा तर्क ऐकून घ्यावा आणि विचारावे की, ख्रिस्ती नकलाकार ‘ख्रिस्त’ असे सरळ न लिहिता ‘ज्याला ख्रिस्त म्हणतात’ असे अलिप्तपणे का लिहील. तिसऱ्या शतकातल्या ओरिगेन या ख्रिस्ती लेखकालाही हाच शब्दप्रयोग माहीत होता.

जोसेफसच्या अठराव्या पुस्तकातला दुसरा, अधिक प्रसिद्ध उतारा मात्र फार जपून हाताळावा. मी स्वतः पहिल्यांदा या वादात उतरलो तेव्हा तो संपूर्ण उतारा अस्सल म्हणून वाचून दाखवला, आणि समोरच्या गृहस्थांनी शांतपणे एकच प्रश्न विचारला: ‘जोसेफस ख्रिस्ती होता का?’ माझ्याकडे उत्तर नव्हते, आणि त्यानंतर माझ्या इतर मुद्द्यांवरचाही लोकांचा विश्वास उडाला. त्या उताऱ्यात ‘तो ख्रिस्त होता’, ‘त्याला माणूस म्हणणे योग्य असेल तर’, ‘तिसऱ्या दिवशी तो पुन्हा जिवंत दिसला’ अशी विधाने आहेत, जी शेवटपर्यंत यहुदी राहिलेल्या लेखकाच्या तोंडी शोभत नाहीत. ओरिगेन तर स्पष्ट सांगतो की जोसेफसने येशूला ख्रिस्त मानले नाही, आणि हा उतारा सर्वप्रथम चौथ्या शतकात ख्रिस्ती इतिहासकार युसेबियस उद्धृत करतो. पुष्कळ अभ्यासकांचे मत असे आहे की, मूळचा लहान, तटस्थ उल्लेख कोणा ख्रिस्ती हाताने वाढवला. काही जण तो संपूर्णच प्रक्षिप्त मानतात. म्हणून माझा सल्ला असा की, हा उतारा पुरावा म्हणून पुढे करूच नये. प्रतिपक्षाने काढलाच तर प्रक्षेप मान्य करावेत आणि विसाव्या पुस्तकातल्या उल्लेखावर उभे राहावे.

टॅसिटसचा पुरावा मध्यम वजनाचा आहे. इ.स. ६४ च्या रोममधल्या आगीनंतर निरोने ख्रिस्ती लोकांवर आळ घेतला हे सांगताना तो लिहितो की, या नावाचा मूळ पुरुष ख्रिस्त याला तिबेरियसच्या काळात पिलाताने मृत्युदंड दिला होता. त्याचा सूर तिरस्काराचा आहे, त्यामुळे हा मजकूर ख्रिस्ती हाताने घातला असे म्हणणे कठीण जाते. पण ही माहिती त्याने कुठून घेतली हे तो सांगत नाही, आणि पिलाताला तो ‘प्रोक्युरेटर’ म्हणतो. आता १९६१ मध्ये समुद्रकाठच्या कैसरियात इटालियन उत्खननात सापडलेला दगड पाहावा. जुन्या रंगमंडपाच्या दुरुस्तीत पायरी म्हणून वापरलेल्या या चुनखडीच्या दगडाची डावी बाजू छिलली गेली आहे, आणि उरलेल्या अक्षरांत वरच्या ओळीत तिबेरियसच्या नावाची वास्तू, मधल्या ओळीत ‘…तियुस पिलातुस’ आणि खाली ‘…एक्तुस युदे…’ एवढे वाचता येते. म्हणजे पिलाताचा खरा हुद्दा ‘प्रीफेक्ट’ होता. त्यामुळे टॅसिटसने त्या काळचे दप्तर पाहिले असेल ही शक्यता कमी होते, आणि त्याने आपल्या काळी प्रचलित असलेली माहिती आपल्या काळच्या पदनामासह लिहिली असावी असे दिसते. प्लिनी आणि रोमन चरित्रकार सुएटोनियस यांच्यावर वेळ घालवू नये. पहिला ख्रिस्ती लोक काय करत हे सांगतो, दुसऱ्याचा ‘क्रेस्तुस’ नेमका कोण हे ठरत नाही.

हा दगड आणखी एका कारणासाठी लक्षात ठेवावा. प्रतिपक्षाचा आवडता मुद्दा मौनाचा असतो: त्या काळचा यहुदी तत्त्वज्ञ फिलो गप्प का, रोमन कागदपत्रे गप्प का? मौन हा पुरावा केव्हा होतो हे येथे सांगावे. लेखकाला ती गोष्ट कळलेली असली पाहिजे, त्याच्या विषयाच्या ओघात ती यायलाच हवी होती असे दाखवता आले पाहिजे, आणि त्याचे लेखन टिकलेले असले पाहिजे. टॅसिटसच्याच ग्रंथातला इ.स. २९ ते ३१ या वर्षांचा बहुतेक भाग आज नष्ट झालेला आहे. पिलाताने यहुदियावर दहा वर्षे सत्ता गाजवली आणि तरीही त्याचे नाव कोरलेला लेख हाती यायला विसावे शतक उजाडावे लागले. मग ज्याच्याकडे सत्ता, संपत्ती, लेखणी यांतले काहीच नव्हते अशा गालीली माणसाचा समकालीन लेख नसणे यात आश्चर्य नाही. मात्र हा दगड पिलात सिद्ध करतो, येशू नव्हे, हेही स्पष्ट सांगावे.

शुभवर्तमानांतून इतिहास काढायचा असेल तर लेखकांना जे अडचणीचे होते ते शोधावे. बाप्तिस्मा देणाऱ्या योहानाकडून (शुभवर्तमानाचा योहान वेगळा) येशूने बाप्तिस्मा घेतला हा प्रसंग चारही पुस्तके शेजारी ठेवून वाचावा. मार्क तो सरळ सांगतो. मत्तयात योहान आधी नकार देतो आणि ‘मीच आपल्याकडून बाप्तिस्मा घ्यायला हवा’ अशा अर्थाचे बोलतो. लूक बाप्तिस्म्याच्या आधीच्याच वाक्यात योहानाला तुरुंगात टाकल्याचे सांगून मोकळा होतो. चौथ्या शुभवर्तमानात योहान साक्ष देतो, पण बाप्तिस्म्याचा प्रसंगच नाही. गुरूने शिष्याला दीक्षा द्यावी असा अर्थ निघणारी ही घटना अनुयायांना खटकत होती हे त्यांच्या लेखणीच्या हालचालींतून दिसते, आणि खटकणारी गोष्ट कोणी स्वतःहून रचत नाही. नासरेथचेही तसेच. मसीहा, म्हणजे यहुद्यांना अपेक्षित असलेला तारणारा, बेथलेहेमचा हवा, म्हणून मत्तय आणि लूक दोघेही येशूचा जन्म तेथे दाखवतात, पण दोन न जुळणाऱ्या मार्गांनी, आणि लूकची क्विरिनियसची शिरगणती इ.स. ६ ची असल्याने इ.स.पू. ४ मध्ये वारलेल्या हेरोदाशी तिचा मेळ बसत नाही. एवढी ओढाताण करूनही दोघांना शेवटी नासरेथला यावेच लागते. ही कसोटी उपयुक्त असली तरी तिच्यावर सर्व भार टाकू नये, कारण पहिल्या शतकातल्या कोणाला काय खटकत होते याचा अंदाज आपणच बांधत असतो.

भारतात हा वाद करताना दोन आडवाटा हमखास समोर येतात. पहिली समांतर देवतांची: कृष्णही कुमारिकेच्या पोटी २५ डिसेंबरला जन्मला, आणि येशू ही त्याचीच नक्कल, असे सांगितले जाते. गोकुळाष्टमी श्रावण वद्य अष्टमीला येते आणि कृष्ण हे देवकीचे आठवे अपत्य, हे घरातल्या लहान मुलालाही माहीत असते, त्यामुळे या यादीतला निदान हा दाखला तपासायला आपल्याला ग्रंथालयात जावे लागत नाही. येशूची जन्मतारीखही नव्या करारात कुठेच दिलेली नाही. दुसरी वाट काश्मीरची. निकोलास नोतोविच याने १८९४ मध्ये लडाखच्या हेमिस मठात येशूचे चरित्र सापडल्याचे जाहीर केले, पुढच्याच वर्षी तेथे गेलेल्या आर्चिबाल्ड डग्लस यांना मठाच्या प्रमुखांनी असे हस्तलिखित नसल्याचे सांगितले, आणि श्रीनगरच्या रोजाबलला येशूची कबर म्हणण्याची कथाही एकोणिसाव्या शतकाच्या शेवटीच पसरली. येशूनंतर अठराशे वर्षांनी सुरू झालेल्या कथेला साधन म्हणता येत नाही, एवढे बोलून पुढे जावे. येशूचे म्हणून दाखवल्या जाणाऱ्या तुरीनच्या कफनाबद्दलही तेच. १९८८ मध्ये तीन प्रयोगशाळांनी केलेल्या कार्बन चाचणीत त्याचा काळ १२६० ते १३९० असा आला.

वादाच्या आठवडाभर आधी पूर्वपक्ष स्वतः मांडून पाहावा, आणि तो प्रतिपक्षालाही मान्य होईल इतक्या ताकदीने मांडावा. मिथकवादाचा सर्वांत जड मुद्दा समांतर देवतांचा नाही, मौनाचाही नाही. तो असा: पौल येशूबद्दल इतके थोडे का सांगतो? दाखले नाहीत, रोग्यांना बरे केल्याच्या कथा नाहीत, गालील नाही. तो आपल्या संदेशाचे मूळ साक्षात्कारात आहे असेही सांगतो. हा प्रश्न मला आजही अवघड वाटतो. पत्रे आधीच शिकवण मिळालेल्या मंडळ्यांना, विशिष्ट भांडणे मिटवण्यासाठी लिहिली होती, हे नेहमीचे उत्तर खरे आहे पण पुरेसे नाही. त्याच्या जोडीला करिंथकरांस पहिल्या पत्राचा सातवा अध्याय उघडावा. घटस्फोटाविषयी लिहिताना पौल म्हणतो की ही आज्ञा माझी नव्हे, प्रभूची आहे. दोनच ओळींनंतर, विश्वास न ठेवणाऱ्या जोडीदाराविषयी, तो म्हणतो की हे मी सांगतो, प्रभू नव्हे. आणि पुढे अविवाहितांविषयी कबूल करतो की याबाबत प्रभूची आज्ञा माझ्याजवळ नाही. प्रभूची वचने त्याला केवळ साक्षात्कारातून हवी तेव्हा मिळत असती, तर येथे त्याला हात टेकण्याचे कारण नव्हते. त्याच्याजवळ परंपरेने आलेल्या वचनांचा एक मर्यादित साठा होता, आणि तो कुठे संपतो हे तो प्रामाणिकपणे सांगतो, असेच मला हा अध्याय वाचताना वाटते.

करिंथकरांस पत्रातले हे पान, गलतीकरांस पत्रातला तो उतारा आणि जोसेफसच्या विसाव्या पुस्तकातला परिच्छेद, एवढी तीन पाने छापून सभेत सर्वांच्या हाती द्यावीत, आणि बोलणे सुरू होण्याआधी ती वाचायला पंधरा मिनिटे द्यावीत.